रात्रीचे सर्जन
(वार्षिक सभेतील प्रशासकांच्या भाषणावरून)



आमचे ज्येष्ठ सर्जन वर्षअखेर रात्रपाळीतून निवृत्त होत आहेत. आम्ही वाणिज्य शाखेचे. तरीही त्यांचे मोल आम्हांस ताळेबंदात मांडता आलेले नाही. हर्निया, अपेंडिक्स, अडलेली बाळंतपणे, सारे त्यांनीच पाहिले.

रक्ताविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. पूर्वी नातलगांचे रक्त तपासून येथेच देता येई. पुढे नियम कडक झाले, १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. ते योग्यच झाले. पण आमची रक्तपेढी रत्नागिरीस! आषाढातल्या एका रात्री गर्भनलिका फुटलेली एक कोळीण आली. रस्ता पाण्याखाली होता. डॉक्टरांनी तिच्या पोटात साचलेले तिचेच रक्त गाळून तिला परत चढविले. आज ती या सभागृहात बसली आहे.

२००१ च्या नियमदुरुस्तीनंतर रक्त साठवणूक केंद्रास रक्तपेढीचा परवाना लागत नाही, शासनाची मान्यता पुरते. त्यासाठीची शीतपेटी आपल्या देणग्यांतून घेण्यास विश्वस्तांनी मंजुरी दिली आहे. नवे सर्जन मात्र मिळालेले नाहीत. दोन उमेदवार आले, समुद्र पाहून परत गेले. तोवर अडल्या रात्री आपणांस उठवावे, असे डॉक्टरांनी रखवालदारास सांगून ठेवले आहे.