मे-फ्लॉवरचा कांदा

वळवाची पहिली सर पडून गेली, की आपल्या बेळगाव-निपाणीकडील अंगणांत दरवर्षी एक नवल घडते. हिवाळ्यापासून ओस पडलेल्या मातीतून एक जाड दांडा वर येतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या टोकाला तांबडाभडक चेंडू उमलतो. यालाच आपण मे-फ्लॉवर म्हणतो. कोणी फुटबॉल लिलीही म्हणतात. हे एकच फूल नव्हे. एकेका चेंडूत दोनशेपर्यंत इवली फुले असू शकतात. मुलांना ती मोजावयास सांगावी, निम्म्यावरच थकतात!

हे झाड मूळचे आफ्रिकेतले. टॉमस मार्टिन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९५ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. आज ते 'स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस' या नावाने ओळखले जाते. कोरड्या ऋतूत निजावे आणि पावसाची चाहूल लागताच उठावे, हा त्याचा मायदेशातला रिवाज. आपल्याकडील हवा त्याला मानवली ती यामुळेच. म्हणून पाने सुकल्यावर त्यास पाणी घालू नये. निजलेल्या कांद्याला पाजलेले पाणी त्याला कुजवते. फुलानंतरची हिरवी पानेही कापू नयेत. पुढील वर्षीच्या फुलाची शिदोरी तीच कांद्यात भरून ठेवतात.

बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत पाणी ठरत नाही, तेथे फारशी चिंता नाही. निपाणीकडील काळ्या जमिनीत मात्र वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून वाफा थोडा उंच करावा. आंब्याफणसाची विरळ सावली उत्तम.

आता त्याच्या पसाऱ्याविषयी. मूळ कांद्याच्या अंगास पिले फुटतात आणि काही वर्षांत वाफ्यात नुसती दाटी होते. पाने उदंड, फुले मोजकी! अशा वेळी पाने वाळल्यानंतर, जानेवारी ते मार्च या काळात, सारा गड्डा अलगद उकरावा, पिले सुटी करावीत आणि कांद्याचे तोंड मातीच्या पातळीशी राहील अशा बेताने वीतभर अंतरावर लावावीत. लहान पिलांना फूल येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. पण दरवर्षी उकराउकर करण्याची हौस काहींना असते, ती बरी नव्हे. मुळे दुखावली की हे झाड रुसते. चार-पाच वर्षांतून एकदा पुरे.

उरलेल्या पिलांचे काय करावे, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ लोक ती उकिरड्यावर फेकतात. श्रोतेहो, तसे करू नका. या कांद्यात विषारी द्रव्ये आहेत. आफ्रिकेत बाणांना लावण्याच्या विषात आणि मासे गुंगविण्यासाठी त्याचा उपयोग झालेला आहे. उकिरड्यावर शेळ्या चरतात, गुरे तोंड घालतात. शिवाय दिसावयास तो थेट स्वयंपाकाच्या कांद्यासारखा! पडवीत वाळत घातलेल्या कांद्यांशेजारी तो कधीही ठेवू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. कोणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उपाय करीत न बसता लगेच दवाखाना गाठावा आणि उरलेला तुकडा बरोबर न्यावा.

जास्तीची पिले शेजाऱ्यांना, आप्तांना अवश्य द्यावीत. मात्र पुडीवर ठळक अक्षरांत लिहावे: 'फुलाचा कांदा, खाण्याचा नव्हे.' कोणाला नकोच असतील, तर गुरे उकरणार नाहीत अशा खोल खड्ड्यात पुरून टाकावीत.