कार्यालयातला ‘ब्लॉक’
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यकारिणीने मला ‘कार्यालयातील वेळेचे नियोजन’ हा विषय दिला. यावर पुस्तके ढिगाने आहेत आणि बहुतेकांत पहाटे पाचला उठायला सांगितलेले असते. रात्री दोनला रूळ तुटल्याचा फोन आलेल्या माणसाने काय करावे, ते त्यांत नसते. म्हणून मला जे ठाऊक आहे त्यावरच बोलतो. आपल्यापैकी बरेचजण रेल्वेतले आहेत. खमरियाच्या निर्माणीतले आणि बँकेतले जे आहेत, त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार सांगतो.

रुळाचे मोठे काम करायचे तर गाड्या थांबवून लाईन ताब्यात घ्यावी लागते. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. समजा, कंट्रोलने दोन तास दिले. त्या दोन तासांत पाना शोधत बसून चालत नाही. म्हणून कामाचे तीन भाग आधीच पाडलेले असतात : ब्लॉकपूर्वीचे, ब्लॉकमधले आणि ब्लॉकनंतरचे. नवा रूळ बाजूला आणून ठेवलेला असतो, क्लिपा सुटतात की गंजून बसल्यात ते पाहिलेले असते, कोणी कुठे उभे राहायचे ते माणसांना सांगितलेले असते. गाडी थांबवल्याशिवाय जे होणारच नाही, तेवढेच ब्लॉकमध्ये करायचे. शेवटची काही मिनिटे गेज आणि लेव्हल तपासायला राखून ठेवायची. अर्ध्या वेळात अर्धे काम झाले नसेल तर पुढचा सांधा उघडायचाच नाही, कारण पलीकडे प्रवाशांनी भरलेली गाडी सिग्नलला उभी असते.

पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ साली असे मांडले, की जेवढा वेळ द्यावा तेवढे काम फुगते. लाईनवर ते फुगू शकत नाही. टेबलावर मात्र सर्रास फुगते, कारण तिथे सगळ्या गाड्या एकदम येत असतात. फोन, मोबाईलवरचे निरोप, “साहेब, फक्त पाच मिनिटं!”

मी दुपारी तीन ते चार टेबलाचा ब्लॉक घेतो. लागणारी रजिस्टरे, मोजमापे, जुने पत्र जेवणापूर्वीच काढून ठेवतो. फोन क्लार्ककडे. कंट्रोलचा निरोप किंवा रूळ तुटल्याची खबर असेल तरच दार वाजवायचे.

या तासात काय करायचे, हा खरा प्रश्न. ज्याचा फोन येतो ते काम कसेही होतेच. ज्याचा फोन कधीच येत नाही ते राहते. तीस-पस्तीस वर्षे रुळावर चाललेला ट्रॅकमन निवृत्त होणार असतो. त्याचा रजेचा हिशेब, सर्व्हिस रेकॉर्डमधली नावाची चूक, क्वार्टरचे कागद. तो साहेबाला फोन करत नाही, दाराशी येऊन परत जातो. त्याचा पैसा अडकला तर मुलीचे लग्न अडकते. ई-ऑफिस आल्यापासून फाईल हरवत नाही हे खरे, पण ती टेबलावर दिसतही नाही. माझा तास आधी अशा कागदांना.

आणखी एक. लांब वेल्डेड रुळाचे डी-स्ट्रेसिंग रुळाचे तापमान पाहूनच करतात. इथल्या मे महिन्यात भर दुपारी ते काम कोणी काढत नाही. डोक्याचेही तसेच असते. कोणाचे सकाळी चालते, कोणाचे संध्याकाळी. हिशेबाचे काम त्या वेळेला ठेवावे, सह्या केव्हाही होतात.

साहेबांना हे पटवायचे कसे, असे कोणी विचारील. कंट्रोलकडे मागतो तसेच मागावे : आदल्या दिवशी, कोणते काम उरकणार ते सांगून, गरजेपुरतेच. आणि चारला दार उघडायचेच, काम राहिले तरी. पहिल्या आठवड्यात लोक साडेतीनपासून दाराबाहेर खाकरत असत. आता कोणी येत नाही. चहावालाही येत नाही, एवढा तोटा मात्र झाला आहे.