कळव्याची वाट आणि दोन दीनार

कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात आलेल्या गंभीर रुग्णाला तेथील सोय अपुरी पडली की ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची, नाहीतर थेट शीवची वाट धरावी लागते, आणि मुरबाड-शहापूरकडील रुग्णही त्याच वाटेवर असतात. ऑगस्ट २०२३मध्ये, जिल्हा सामान्य रुग्णालयाची पुनर्बांधणी चालू असताना, कळव्याच्या या ५०० खाटांच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. परंतु खाटा, परिचारिका आणि वस्तीतले दवाखाने यांवर कोणत्या क्रमाने खर्च करायचा, हे अशा रात्रीच्या फार आधी अंदाजपत्रकात ठरलेले असते.

या क्रमाविषयी बोलण्याचा हक्क येथील ख्रिस्ती समाजालाही आहे, आणि तो येथे नवखाही नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने इराणहून नेमलेल्या बिशपाचे जे ‘कल्लिआना’ नोंदवले ते कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या समाजात आरोग्यसेवेचा विषय निघाला की चांगल्या शोमरोन्याचा दाखला हटकून सांगितला जातो, मात्र जखमांवर तेल ओतणारा प्रवासी जितका आठवतो तितका उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देऊन वरचा खर्च परतताना फेडण्याची हमी देणारा आठवत नाही. दयेला पैशाची तरतूद लागते, हे त्या दाखल्यातच आहे.

ही तरतूद कशी करावी याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण जामखेडचे होय. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७०मध्ये तेथे काम सुरू केले तेव्हा मोठी इमारत हे त्यांचे पहिले उद्दिष्ट नव्हते. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना शिकवून त्यांनी ग्राम आरोग्य सेविका घडवल्या, आणि पाणी, आहार व बाळंतपण या गोष्टींना शस्त्रक्रियेच्या आधीचे स्थान दिले. जागतिक चर्च परिषदेने १९६८मध्ये स्थापलेला ख्रिस्ती वैद्यकीय आयोगही त्याच सुमारास चर्चचा पैसा मुख्यतः इस्पितळांत अडकतो आणि लाभ जवळपासच्यांनाच होतो, हे बोलू लागला होता. आपल्याच संस्थांविषयी असे बोलणे सोपे नव्हते. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा, म्हणजे लोकांच्या दाराशी व त्यांच्या सहभागाने चालणाऱ्या सेवेचा, जो पुरस्कार केला, त्यामागे या विचाराचाही वाटा होता.

जामखेडचा नमुना दिवा-मुंब्र्याच्या दाटीत जसाच्या तसा उतरणार नाही, कारण येथे भाडेकरू वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलतो आणि ‘गाव’ म्हणून बसणारी सभाच नसते. म्हणून आणखी एक इस्पितळ बांधण्यापेक्षा, असलेल्या व्यवस्थेचा हिशेब मागणे येथे अधिक उपयोगी दिसते, आणि त्याची सुरुवात घरातून व्हावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१कक नुसार, आणि उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या कायद्याखाली नोंदलेली चर्चची रुग्णालयेही त्यातून सुटत नाहीत. त्या निधीत या महिन्यात किती शिल्लक आहे, हे रविवारच्या उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये वाचून दाखवायला फार तर एक मिनिट लागेल.