घराबाहेर नेलेला धडा



गावात कोणी पत्ता विचारला, तर आपण सांगतो, "पाराच्या मागं, दोन घरं सोडून." हा पत्ता खरा असतो, पण त्या गावापुरता. दुसऱ्या गावी तो उपयोगाचा नाही. संगणकाच्या आज्ञावलींचंही असंच आहे. डेटाबेस शिकू पाहणारे पुष्कळ जण इथंच अडतात आणि 'हे आपलं काम नव्हे' म्हणून सोडून देतात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो. 1986 साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याचं काम सुरू झालं. त्याच्या मूळ आज्ञावलींच्या साठ्यात 'ट्यूटोरियल' नावाचा फोल्डर आहे. त्यातला सी भाषेतला एक धडा डेटाबेसला संमिश्र संख्या कशा शिकवाव्यात, हे दाखवतो.

आता पहा, आपल्या यंत्रावर पोस्टग्रेस तयार स्वरूपात बसवलेला असतो, मूळ साठा नसतो. विद्यार्थी धड्याची एकच फाइल उतरवून घेतो, कंपाईल करतो, आणि उत्तर मिळतं: 'पोस्टग्रेस डॉट एच' ही फाइल सापडत नाही. धड्यात काही चूक नसते. फक्त त्याचं घर सुटलेलं असतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, हेडर फाइली असलेलं विकासकांचं पॅकेज बसवावं. लिनक्सवर ते बहुधा वेगळं मिळतं. दुसरी गोष्ट, 'दोन पायऱ्या वर जा' असा साठ्यातला पत्ता मेकफाइलमध्ये ठेवू नये. 'पीजी-कॉन्फिग' नावाची छोटी आज्ञा आहे. हेडर कुठं, ग्रंथालयं कुठं, हे तिला विचारावं. बसवलेला पोस्टग्रेस स्वतःच पत्ता सांगतो. या उत्तराच्या आधारानं बाहेरची आज्ञावली बांधण्याची सोय 2005 सालच्या 8.0 आवृत्तीपासून आहे. तिला 'पीजीएक्सएस' म्हणतात. नंतर नुसतं 'मेक' म्हटलं की काम होतं.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धड्याच्या एसक्यूएल फाइलीत, तयार झालेली फाइल कुठं आहे, त्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. नंतर फोल्डर हलवला, तर पत्ता चुकतो. शिवाय ती फाइल वाचणारा तुम्ही नव्हे, तर सर्व्हर असतो. त्याला तुमच्या फोल्डरात शिरायची मुभा हवी.

आता जोखमीचं सांगतो. सी भाषेतली ही आज्ञावली सर्व्हरच्या पोटात चालते. ती बिघडली, तर सर्व्हर कोसळतो आणि त्या वेळी काम करणाऱ्या सर्वांचे दुवे तुटतात. म्हणून 2006 सालच्या 8.2 आवृत्तीपासून प्रत्येक आज्ञावलीवर आवृत्तीची खूण असावी लागते. खूण जुळली नाही, तर सर्व्हर तिला आत घेत नाही. हा नकार म्हणजे पहारा समजावा. मुख्य आवृत्ती बदलली की आज्ञावली पुन्हा कंपाईल करावी. यंत्रावर दोन आवृत्त्या असतील, तर कोणती पीजी-कॉन्फिग वापरायची ते 'मेक'ला स्पष्ट सांगावं. आणि हा सराव शाळेच्या हजेरीपटाच्या डेटाबेसवर न करता वेगळ्या सर्व्हरवर करावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, विद्यार्थ्याचा धडा अडला, तर आधी एवढंच विचारा: "बाळ, यात पत्ता कुठला लिहिला आहे?" पुष्कळदा गाठ तिथंच सुटते.