डाखाचा वितळबिंदू



डाख आधी वितळावा व दागिना अभंग राहावा, हे आपल्या सुवर्णकारांच्या धंद्याचे पहिले सूत्र होय. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात चांदी व तांबे मिसळले की मिश्रण त्याहून कमी उष्णतेत वाहते. आपले पूर्वज असाच डाख देत. परंतु त्याने सांध्याचा कस उतरे आणि मोडीच्या वेळी गिऱ्हाइकास तूट सोसावी लागे.

पुढे कॅडमियम आले. बाजारात त्यास केडीएम म्हणू लागले. ते ३२१ अंशांस वितळत असल्याने थोडेसे घातले तरी डाख लवकर वाहतो व कस टिकतो. मात्र ते ७६७ अंशांस उकळते, आणि फुंकणीची आच त्याहून तीव्र असते. ती वाफ कारागिराच्या फुप्फुसांस व मूत्रपिंडांस अपाय करते. १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियम कर्ककारक ठरविले.

पेढीवाल्या बंधूंस आम्ही इतकेच विनवितो : कस पाहता तसा कारागिराचा श्वासही पाहा. कॅडमियमविरहित डाख मिळतो. तोच वापरावा, आणि भट्टीपाशी हवा खेळती ठेवावी. तेथे बसणारी मुले आपल्याच घरची आहेत.