घरचा लहान ट्रॅक्टर : घेण्याआधी आणि घेतल्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला लोणची-पापडांवर, बाळसंगोपनावर, भरतकामावर पुष्कळ उपयुक्त भाषणे आपण ऐकली आहेत. यंदा कार्यकारिणीने मला ट्रॅक्टरवर बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या घरी पुढे उचलायचे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेला लहान ट्रॅक्टर आहे, आणि तो घेताना सगळा हिशेब वहीत मी मांडला होता. तेव्हा त्या वहीतलेच चार शब्द आपल्यापुढे ठेवते.

कोणी म्हणेल, हा विषय पुरुषांचा. मला तसे वाटत नाही. कर्जाचा हप्ता घरखर्चातून जातो, आणि यंत्र नसते तेव्हा शेणखताचे घमेले बाईच्याच डोक्यावर असते. दहा टन खत वावरात पसरायचे, आणि एका घमेल्यात वीस किलो बसते असे धरले, तर पाचशे घमेली होतात. पाचशे वेळा वाकायचे, उचलायचे, चालायचे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ज्या यंत्राने हे ओझे उतरायचे त्याच्या निवडीत त्या बाईचे मत घेतले पाहिजे.

आता हे यंत्र काय असते ते सांगते. आपण खेड्यात सगळ्याच खोदायच्या यंत्रांना जेसीबी म्हणतो. ते खरे म्हणजे इंग्लंडातल्या एका कारखान्याचे नाव. पुढे उचलायचे बकेट आणि मागे खोदायचा हात असे यंत्र त्यांनी १९५३ साली काढले, तेही ट्रॅक्टरवरच बसवून. आपल्या देशात त्यांचे काम १९७९ साली दिल्लीजवळ बल्लभगडला सुरू झाले. ते मोठे यंत्र सात टनांच्याही वर भरते. आपला लहान ट्रॅक्टर वीस-तीस अश्वशक्तीचा असतो आणि त्याचे वजन त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. दोघांचे रूप सारखे दिसते, म्हणून कामही सारखेच होईल असे माणसाला वाटते. फसगत होते ती इथेच.

एक हिशेब पाहा. माझे माहेर अकोला जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. तिथे विहिरीचे पाणी खारे लागते, म्हणून पावसाचे पाणी शेततळ्यात साठवण्यावाचून गत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यातून, बाजूचा उतार धरून, सुमारे दोन हजार घनमीटर माती निघते. म्हणजे सत्तर हजार घनफूट. लहान यंत्राच्या मागच्या बकेटात दीड घनफूट माती येते असे धरले, तर सत्तेचाळीस हजार घास झाले. मिनिटाला दोन घास काढले तरी सुमारे तीनशे नव्वद तास लागतील. रोज आठ तास चालवले तर एकोणपन्नास दिवस! डिझेल जळेल ते वेगळेच. मोठ्या यंत्राचा घास सहापट असतो आणि हातही चपळ. ते पाच-सहा दिवसांत मोकळे होते. तेव्हा शेततळ्यासाठी मोठे यंत्र भाड्याने आणावे. त्यासाठी लहान यंत्र विकत घेणे परवडत नाही.

आता दुसरी बाजू. माझे सासर चांदूर बाजार तालुक्यात, संत्र्याच्या बागेत. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी थांबले की संत्र्याच्या मुळ्या सडतात, बुंध्याला डिंक्या लागतो. म्हणून ओळींमधून नाल्या काढून पाणी बाहेर घालावे लागते. शंभर फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल नालीची माती तीनशे घनफूट, म्हणजे दोनशे घास. यंत्र मागेपुढे सरकवण्याचा वेळ धरूनही हे अर्ध्या दिवसाचे काम. संत्र्याची झाडे साधारण वीस-वीस फुटांवर असतात. झाड वाढले की मधली वाट अरुंद होते, मोठे यंत्र आत शिरले तर फांद्या मोडते आणि जमीन दाबून टाकते. इथे लहान यंत्रच कामाचे. नाली, खत भरणे, पांधणीवर मुरूम टाकणे, धुऱ्यावरचे दगड हलवणे, पाइपलाइनचा चर काढणे, अशी थोडीथोडी पण वर्षभर पुरणारी कामे ज्याच्याकडे आहेत, त्याने ते घ्यावे. ज्याच्याकडे वर्षातून आठच दिवसांचे काम आहे, त्याने भाड्यानेच आणावे. आणि नुसते झाडांसाठी खड्डेच करायचे असतील, तर ट्रॅक्टरला लावायचा खड्डे पाडायचा गिरमिट त्याहून पुष्कळ स्वस्त पडतो.

घ्यायचे ठरले, तर दुकानात चार गोष्टी विचाराव्या.

पहिली, पुढचे बकेट किती वजन उचलते, आणि ते पूर्ण उंचीवर की जमिनीलगत? जमिनीलगतचा आकडा मोठा असतो आणि जाहिरातीत बहुधा तोच सांगतात. ट्रॉली भरायची तर उंचीवरचाच आकडा उपयोगाचा. आपल्याला ठाऊक आहे की सूपभर कापूस आणि सूपभर ज्वारी यांचे वजन एक नसते. तसेच इथे. कुजलेले खत घनफुटाला पंधरा-वीस किलो भरते, ओली काळी माती पन्नास किलोच्या आसपास. सहा घनफुटांच्या बकेटात खत शंभर-सव्वाशे किलो, तर तीच ओली माती तीनशे किलो. खताला चालणारे बकेट मातीला काठोकाठ भरू नये.

दुसरी, चारही चाकांना जोर आहे काय? पुढे ओझे उचलले की पुढच्या आसावर भार येतो आणि मागची चाके हलकी होऊन फिरत राहतात. चारही चाके ओढणारी असली तर यंत्र अडत नाही. तरीसुद्धा मागे वजन बांधावेच लागते. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय ते वेगळे शिकवायला नको.

तिसरी, मागचा खोदणारा हात कशाला बांधला आहे? एका दुकानात आम्हाला तो नुसत्या लिफ्टच्या तीन सांध्यांना अडकवून दाखवला, आणि स्वस्त पडेल असे सांगितले. खोदताना लागणारे हिसके त्या सांध्यांतून थेट ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीवर जातात आणि पेटीला तडा जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी लोखंडी चौकट असावी, आणि हात त्या चौकटीला बांधलेला असावा. ती चौकट दिसेना, तेव्हा आम्ही त्या दुकानातून परत आलो.

चौथी, चाचणीचा अहवाल. मध्यप्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासण्याची संस्था १९५५ पासून आहे. तिथला अहवाल दुकानदाराकडे मागावा. शंका असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारावे. ज्यांच्या नावाने ते १९६९ साली स्थापन झाले ते डॉ. पंजाबराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे. केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ साली दिल्लीला जे जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. शेतकऱ्याने यंत्र डोळ्यांनी पाहून, विचारून घ्यावे, ही शिकवण आपल्या भागाला नवी नाही.

आता पैशाची बाजू. कृषी यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेत अनुदानाला कमाल मर्यादा असते. परंतु महिला आणि लहान शेतकऱ्यांना टक्का इतरांपेक्षा जास्त ठेवलेला आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो, आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करायची असते. आधी घेऊन मागून मागितले तर मिळत नाही. महिलेच्या नावाने अर्ज करायचा तर सातबाऱ्यावर तिचे नाव हवे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, आणि १९९२ साली शासनानेही पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. इतकी वर्षे झाली, तरी आपल्यापैकी किती जणींचे नाव सातबाऱ्यावर आहे, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे.

यंत्र दारात आले की काळजीचा भाग सुरू होतो. रोज काम सुरू करण्याआधी बकेटाच्या सांध्यांना ग्रीस द्यावे. ट्रॅक्टरवर तासांचे घड्याळ असते. तेल बदलणे तारखेवर नव्हे तर त्या तासांवर ठरते. दुधाच्या हिशेबासारखी ही वही घरातल्या बाईने ठेवली तर चूक होत नाही.

जिवाच्या गोष्टी तर पाठ करून ठेवा. ओझे घेऊन चालताना बकेट जमिनीजवळ ठेवावे. वर धरले की ट्रॅक्टर उलटतो. उचललेल्या बकेटाखाली कोणी उभे राहू नये, आणि यंत्र बंद करताना बकेट जमिनीवर टेकवावे. खोदण्याआधी दोन्ही बाजूंचे पाय पक्क्या जमिनीवर रोवावे. मागे फिरणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा ओढणी त्यात सापडली तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचे झाकण कधी काढू नये आणि जवळ जाताना पदर खोचलेला असावा. तेलाच्या नळीतून बारीक धार उडत असेल तर बोटाने चाचपू नये. ते तेल सुईसारखे कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावे, आणि शिरलेच तर दुखत नसले तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. ताज्या खोल चरात कोणाला उतरू देऊ नये. आपली काळी माती उभी दिसते आणि अचानक ढासळते. आणि मडगार्डवर लेकरू बसवणे, त्याने कितीही हट्ट केला तरी, नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सोपी वाटत नाही. ट्रॅक्टर आला त्या उन्हाळ्यात खत टाकायला येणाऱ्या बायांपैकी एक जण मला म्हणाली, "काकू, आता आमाले कायले बोलावता तुमी?" तिचे म्हणणे खरे होते. पाचशे घमेल्यांची मजुरी तिच्या घरची चूल पेटवत होती. निंदणी, वेचणी, तोडणी यांना हातच लागतात, म्हणून त्या कामाला आम्ही आधी त्यांनाच बोलावतो. त्याने सगळी भरपाई होते असे मी म्हणणार नाही. डोक्यावरचे ओझे जावे पण हातची मजुरी जाऊ नये, हे एका घराने जमण्यासारखे नाही. म्हणून माझी मंडळाला सूचना आहे : आपल्या बचतगटांनी मिळून अवजार बँकेचा विचार करावा, आणि यंत्र चालवायला त्याच बायांतल्या दोघी-तिघींना शिकवावे. जिने घमेले वाहिले तिच्याच हाती तो दांडा आला, तर यंत्राने तिची मजुरी हिरावली असे होणार नाही.