शाळेतील कला : शोभा की शिक्षण?



शिक्षणावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस का उभा केला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पगारपत्रक कसे वाचावे, महागाईभत्ता कशावर ठरतो, हे आम्ही गेटसभेत शिकलो, आणि त्या सभेत भाषणाआधी डफ वाजत असे. भाषणातला आकडा घरी पोहोचेपर्यंत विसरला जाई. शाहिराने गाऊन सांगितलेला आकडा मात्र दुसऱ्या दिवशी यंत्राजवळ माणूस गुणगुणत असे.

ही रीत आमची नव्हे. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. पुढे ते आपल्याच उपनगरात, घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा हजारो कामगारांना सावकारी म्हणजे काय, साठेबाजी कशी चालते, हे लोकनाट्याने समजावले. मोठ्या माणसांना जे साधले, ते लहान मुलांना वर्गात का साधू नये, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आता या मढ गावाकडे पाहू. शाळेचे स्नेहसंमेलन असते. मुले कोळीनृत्य करतात, पालक टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी भाड्याचे कपडे दुकानात परत जातात आणि मूल पुस्तकाकडे परत येते. ज्या समुद्राचे नृत्य त्याने काल केले, त्या समुद्राचा वर्गात वर्षभर उल्लेख नसतो. कला अशी वर्षातून एकदा पाहुणी येते. हिला आम्ही शोभा म्हणतो.

शिक्षण कशाला म्हणावे? याच गावातले उदाहरण घेऊ. डोल जाळे ओढीच्या पाण्यात लावायचे, म्हणून कोळ्याला भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असावीच लागते. तिथीची पाऊणपट करा, की भरतीचा सुमार निघतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि अष्टमीची ती भांगेची भरती, उधाण नव्हे. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. इथल्या म्हाताऱ्यांची पाऊणकी समुद्राने पाठ करून घेतली.

समजा, पाचवीच्या वर्गाने भिंतीवर एक लांब कागद लावला. रोज एका मुलाने त्यावर चंद्राची कोर काढायची, खाली भरतीची वेळ लिहायची आणि पाणी धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आले ती रेघ रंगवायची. महिन्याने त्या रेघा जोडल्या की कागदावर लाट उमटेल : दोनदा उधाण, दोनदा भांग. तिथे अपूर्णांक आला, भूगोल आला, चित्रकला आली. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे सरकते, म्हणून पाऊणपटीच्या हिशेबात पक्षाच्या अखेरीस चूक दिसू लागते. ती चूक मुलांनीच पकडावी. तो खरा विज्ञानाचा तास.

हे स्वप्नरंजन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. माँटेसरी पद्धतीची विकतची साधने महाग. त्यांनी बिया, शंख, पाने, माती घेतली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेली. गाणे, गोष्ट, मातीकाम ही तिथे शिकण्याचीच साधने होती. हे सारे अत्यंत गरीब मुलांत घडले, हे ध्यानात ठेवावे.

यावर मासळी विकणारी आमची भगिनी विचारील, "भाऊ, पोराला नाचगाणं नको, मार्क पाहिजेत. त्यानं होडीतून बाहेर पडावं म्हणून मी टोपली उचलते." तिची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण ताई, ज्याला अपूर्णांक कळला त्यालाच मार्क मिळतील. आणि आई-बापाला जे येते ते ज्ञानच नव्हे, असे शिकून मूल बाहेर पडले, तर ते होडीतूनही गेले आणि घरातूनही गेले. तो तोटा कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेला नसतो.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. हे करायचे कोणी? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सर्व विषय कलेच्या आधारे शिकवावेत असे म्हटले आहे. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट उघडा. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील, तर मुख्याध्यापक पूर्णवेळ. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे निदेशक मात्र अंशकालीन! धोरण म्हणते कला प्रत्येक तासात हवी. कायदा म्हणतो कलाशिक्षक अर्धाच पुरे. अर्ध्या भाकरीवर माणूस पूर्ण मनाने शिकवील, ही अपेक्षा आम्ही कारखान्यात कधी मान्य केली नाही, शाळेतही करणार नाही. आणि वर्गशिक्षकावर हे काम नुसते लादले, तर तोही एक तक्ता रंगवून भिंतीला लावील आणि मोकळा होईल. त्यालाही तयारीला वेळ आणि सोबतीला जाणकार लागतो.

म्हणून आपण पालकांनी शाळेच्या सभेत दोन गोष्टी मागाव्यात. कलाशिक्षकाची जागा पूर्णवेळ करावी, हे वरपर्यंत लेखी कळवावे. आणि जाळे विणणारा, ढोलकी वाजवणारा, भरती सांगणारा असा गावातला जाणता आठवड्यातून एकदा वर्गात बोलवावा. मानधन देऊन, फुकट नव्हे.

संमेलन जरूर करावे. मुले नाचावीत, आम्हीही टाळ्या वाजवू. फक्त दुसऱ्या दिवशी कपडे दुकानात परत गेले, तरी समुद्र वर्गात राहावा.